मागचीसाठी चुटकी

प्रिय झेनेबेच,

तुझा फोन लागत नाही, आणि लागला तरी तू उचलणार नाहीस हे मला ठाऊक आहे. म्हणून हे पत्र शितायेच्या बॅगेत घालतेय. ती आपल्या गटातली नवी मुलगी, पुढच्या आठवड्यात तुमच्याकडे शर्यतीला येतेय. पत्र तुझ्या हातातच द्यायचं आणि तू वाचेपर्यंत समोरून हलायचं नाही, असं मी तिला बजावलंय. तेव्हा पोरीला ताटकळत ठेवू नकोस, बसव, काहीतरी खायला घाल. तू तिकडे एकटीच जेवतेस असं कळलं. एकटीने जेवणाऱ्या बाईबद्दल तुझी आई काय बोलते ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

तू गेल्यापासून मेस्केलचे तीन सण झाले. दरवर्षी पिवळी फुलं येतात, होळ्या पेटतात, आणि कोणीतरी विचारतंच की झेनेबेच आली का. इथे सगळे म्हणतात, ती आता यायची नाही. मी म्हणते, येईल. या एका गोष्टीवरून मी नवऱ्याशी, सासूशी आणि परवा तर घरी आलेल्या चर्चच्या पाद्रीबाबांशीही भांडले.

मी सध्या धावत नाही, का ते पुढे सांगते. पण सकाळी फाटकात उभी राहते, कारण मुलींची रांग आमच्या दारावरूनच जंगलाकडे जाते. गाशे तेसेमा अजून जुन्या सायकलवर मागे असतात. प्रशिक्षक म्हणून आता थकलेत, पण जीभ तशीच आहे. मला बघितलं की ओरडतात, "राणीसाहेब, उठलात का? कोंबड्या केव्हाच उठल्या." मग माझी सासू आतून म्हणते, "त्या म्हाताऱ्याला सांग, आधी स्वतःच्या चेनला तेल घाल." रांग पुढे जाते, निलगिरीच्या झाडांत शिरते, आणि थोड्या वेळाने आतून चुटक्यांचा आवाज येतो. तो ऐकला की मला तू आठवतेस.

आपला पहिला दिवस आठवतो? देब्रे बिरहानहून आपण दोघी एकाच ट्रकमधून आलो होतो, पायात प्लास्टिकच्या चपला. तू पुढे होतीस, मी तुझ्या मागे. गाशेंसमोर वेगवान दिसायच्या नादात तू एक मूळ ओलांडलंस आणि मला दाखवलं नाहीस. मी तोंडावर आपटले. गाशेंनी अख्खी रांग थांबवली. तुला म्हणाले, "पुढे धावतेस ना? मग तुझे डोळे एकटीचे नाहीत, मागचीचेही आहेत." त्या दिवसानंतर तू जी चुटक्या वाजवायला लागलीस, ती थांबलीच नाहीस. दगड, खड्डा, शेण, काहीही दिसलं की उजवा हात पाठीमागे, चुटकी आणि बोट. बाजारात चालतानासुद्धा चिखल दाखवायचीस. एकदा तर लग्नाच्या जेवणात पायाशी मांजर होतं म्हणून वाजवलीस, आणि नवरीनेच दचकून मागे पाहिलं.

झेनी, तू माझ्यापेक्षा चांगली धावपटू होतीस. हे मी आधी कधी म्हटलं नाही, कारण म्हणायची गरज पडली नाही, सगळ्यांना ते दिसत होतं. पण संघात तिघींनाच जागा असते, आणि निवड चाचणीत तू दोनदा चौथी आलीस. दुसऱ्या कुठल्याही देशात चौथीला डोक्यावर घेतलं असतं. आपल्याकडे चौथी म्हणजे घरी. तिसऱ्यांदा वाट बघायला तुझं वय थांबलं नसतं. म्हणून त्या वाळवंटातल्या देशाने पासपोर्ट आणि नवं नाव देऊ केलं तेव्हा तू गेलीस. मला राग आला नव्हता. रडले, ते वेगळं. तुझ्या आईचा राग मात्र एवढाच आहे की त्या दिवशी गाडी आली म्हणून तू कॉफीचा तिसरा पेला न घेताच उठलीस. आशीर्वादाचा पेला टाकून कोणी जातं का, असं ती अजून येणाऱ्याजाणाऱ्याला विचारते.  नव्या नावाबद्दल फक्त म्हणते, "नाव त्यांनी दिलं असेल, पाय मी दिलेत."

आता त्या शर्यतीबद्दल लिहिते. आपण त्याबद्दल कधी बोललोच नाही.

दहा हजार मीटरची फायनल, पहिल्यांदाच तुझा बनियन वेगळ्या रंगाचा. पुढे दोघी निसटल्या होत्या, आणि तिसऱ्या जागेसाठी तू आणि मी उरलो होतो. तू पुढे, मी तुझ्या मागे. जंगलातल्यासारखंच. शेवटून दुसऱ्या फेरीत, वळणावर, एक फेरी मागे पडलेली मुलगी तुझ्यासमोरच अडखळून कोसळली. मला ती दिसलीच नाही, मला फक्त तुझी पाठ दिसत होती. आणि तुझा उजवा हात मागे आला. स्टेडियम इतकं गर्जत होतं की चुटकी ऐकू येणं शक्य नव्हतं, पण बोटं दिसली. मी विचारही केला नाही, पाय आपोआप बाहेरच्या बाजूला गेले. तुला मात्र तिच्यावरून उडी मारावी लागली, आणि ज्या क्षणी हात तोल सांभाळायला हवे होते त्या क्षणी तुझा एक हात माझ्यासाठी मागे होता. तू डगमगलीस. मी पुढे गेले. कांस्यपदक मला मिळालं, आणि तू पुन्हा चौथी.

तू डोळे पुसत निघून गेलीस, मला पदकासाठी ओढून नेलं. नंतर कळलं, तुमच्या लोकांनी तुला खडसावून विचारलं की हात कशाला हलवलास, आणि तू सांगितलंस, माशी हाकलत होते. मला हसू आलं. गाशेंनी ती शर्यत टीव्हीवर पाहिली होती.  म्हणाले, "मूर्ख पोरगी. मीच शिकवलंय तिला." आणि बराच वेळ चष्मा पुसत बसले. गटातल्या मुलींना हे सगळं माहीत आहे. तुला वाटतं इथे लोक तुला परकी म्हणतात. इथे नव्या मुलीला पहिल्या दिवशी तुझी गोष्ट सांगतात, शितायेला विचार.

आता धावत नाही त्याचं कारण. मला मुलगी झालीय. डोक्यावर लोणी थापून, बाळंतिणीची गरम गेन्फो लापशी खात घरात बसलेय, आणि सासू मला फाटकाच्या पलीकडे पाऊल टाकू देत नाही. पोरीचे पाय लांब आहेत आणि ती झोपेतही सायकल चालवल्यासारखे हलवते. जुलैत पुन्हा धावायला लागेन म्हणतेय. बघू.

मुलींचा बाप्तिस्मा ऐंशीव्या दिवशी असतो हे तुला सांगायला नको. सासूने धर्ममाता म्हणून आपली भाची ठरवून ठेवली होती. मी म्हटलं, झेनेबेच. पाद्रीबाबा म्हणाले, "तिने नाव बदललं, देव बदलला नाही कशावरून?" मी म्हटलं, बाबा, त्या शर्यतीच्या सगळ्या फेऱ्या मी तिच्या मानेकडे बघत धावलेय, बाप्तिस्म्याचा आपला काळा दोरा तिच्या गळ्यात होता. त्यांनी तुझंच नाव लिहून घेतलं. झेनी, धर्ममाता झालीस की तू आमच्या घरची होशील, आणि ते नातं कुठल्याही पासपोर्टने बदलत नाही. येशील ना? तुझ्या आईने कॉफी भाजून ठेवायचं कबूल केलंय, आणि तिसऱ्या पेल्याशिवाय यावेळी दाराची कडी उघडणार नाही म्हणते. चर्चच्या पायऱ्या अजून तशाच फुटक्या आहेत. माझी मुलगी तुझ्या हातात असेल, तू पुढे चालशील, मी मागे. हात मोकळा नसेल तुझा, तरी फुटकी पायरी आली की चुटकी वाजव.

तुझीच, अजून तुझ्याच मागे असलेली,
वुबालेम