तोंडात सोनं

मखमलाबाद, नाशिक
४ ऑगस्ट २०२५

चि. प्रतिभास मोतीराममामाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोन उचलत नाही म्हणून तू रुसली असशील. जिभेवरच्या गाठीपायी माझं बोलणं आता तुझ्या मामीलाही कळत नाही, ती उगाच हो हो करते. मोबाइलवर टाइप करायला गेलो की अंगठा तीन अक्षरांवर पडतो, म्हणून हे पत्र. फुलबाजारात माझी हाक रस्त्यापलीकडे जायची, ते आठवलं की जीव खालीवर होतो.

जीभ कापायची नसेल तर रेडिएशन देऊन बघू, असं डॉक्टर म्हणतात. नव्या उपचाराच्या एका चाचणीत नाव घालू का, तेही त्यांनी विचारलं. त्यात रेडिएशनच्या आधी गाठीत सोन्याचे बारीक कण टोचतात म्हणे. हे ऐकलं आणि तुझी मामी खोलीतून उठूनच गेली. आपल्याकडे माणसाच्या तोंडात सोनं कधी घालतात, ते तुला माहीत आहे. आईच्या तोंडात तुळशीपानाबरोबर सोन्याचा मणी मीच ठेवला होता. माझ्यासाठीचा मणीही मामीच्या डब्यात तयार आहे, पण तो इतक्यात काढायची माझी इच्छा नाही. डॉक्टरांना नकार कळवणार आहे. तू पुण्याला असलेच कण बनवतेस, म्हणून आधी तुझ्या कानावर घातलं.

झेंडू गुडघ्याला लागला. मळा आमचा राज बघतो. मामाला भित्रा म्हण हवं तर, पण लोभ ठेव.

तुझा मामा
मोतीराम

पुणे
९ ऑगस्ट २०२५

ती. मामांस प्रतिभाचा सा. न. वि. वि.

पत्र वाचल्यापासून एका जागी बसवत नाही. प्रयोगशाळेत आज दोनदा चुकीची बाटली उचलली, शेवटी सरांनी घरी पाठवलं.

मामा, तुम्ही फवारणीच्या औषधात ते चिकटून राहावं म्हणून स्टिकर मिसळता, कारण नुसतं औषध पानावरून ओघळून जातं. किरणांचंही तसंच आहे. बरेचसे गाठीतून आरपार निघून जातात. सोन्याचे कण आत असले की ते किरण तिथंच जास्त अडतात आणि गाठीवरचा मारा वाढतो. हे सोनं पिवळंही नसतं. कण इतके बारीक असतात की बाटलीतलं पाणी कोकम सरबतासारखं लाल दिसतं.

पण खोटं बोलणार नाही. हे अजून पुरतं सिद्ध झालेलं नाही, म्हणून तर चाचणी. उंदरांवर चाललेलं मी पाहिलंय, आणि तुम्ही उंदीर नाही. तुम्ही मला हवे आहात, म्हणून हो म्हणा असं वाटतं, आणि दुसऱ्याच क्षणी भीतीनं नको म्हणावंसं वाटतं. भाचीचं मन राखायला मात्र होकार देऊ नका.

तंबाखूची डबी मामीच्या ताब्यात गेली का? या प्रश्नाचा राग आला तरी माया कमी करू नका.

आपली
प्रतिभा

मखमलाबाद
२१ ऑगस्ट २०२५

चि. प्रतिभाला नवसामामीचा आशीर्वाद.

तुझं पत्र आल्यापासून हे मळ्यात जातात आणि पाणी न पिता परत येतात. घरात नुसत्या येरझारा. मलाही काही सुचेना, म्हणून शेजारच्या अक्काबाईपाशी मन मोकळं केलं. म्हातारी हसायलाच लागली. म्हणाली, अगं येडे, यमाचा माणूस न्यायला आला आन तोंडात सोनं दिसलं, तर म्हणंल याचं तर समदं उरकलंय, आन जाईल माघारी.

मी हे यांना सांगितलं. इतके हसले की जीभ दुखून डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या दिवशी राजला घेऊन गेले आणि सही करून आले. मी बाई अजून घाबरते. तू देवाला हात जोड, आणि आमच्यावर जीव आहे तसाच राहू दे.

तुझी मामी

पुणे
१८ सप्टेंबर २०२५

ती. मामींस सा. न.

सुई टोचून झाली आणि रेडिएशन सुरू झालं, एवढंच राजदादानं कळवलं. पुढे काहीच नाही. तोंड आलंय का, गिळता येतं का, वजन किती उतरलं? लाल पाण्याची बाटली हातात घेतली की मामांचं तोंड दिसतं. काल ती हातून सुटली. चार ओळी तरी लिहा. कामाची नसले तरी तुमचीच आहे.

प्रतिभा

मखमलाबाद
१२ डिसेंबर २०२५

चि. प्रतिभास अनेक आशीर्वाद. वि. वि.

उशीर झाला खरा. तोंड असं सोललं होतं की साधी पेज आगीसारखी लागायची, आणि चिडलेल्या माणसानं पत्र लिहू नये. दसऱ्याचा झेंडू राजनं विकला. माझ्यापेक्षा बरा भाव आणला, हे सांगायला मला आवडत नाही. सुई भरताना मामीनं डॉक्टरांनाच दटावलं, की हे तर कोकम आहे, सोनं कुठं ठेवलंत.

परवा तपासणी झाली. गाठ बरीच आक्रसली आहे. गेली, असं डॉक्टर म्हणत नाहीत. सोन्यानं गुण आला की नुसत्या किरणांनी, तेही एकट्या माझ्यावरून सांगता येत नाही म्हणे. तीन महिन्यांनी पुन्हा बघणार. तेव्हा माझा जीव अजून टांगलेलाच आहे, तुझाही असेल.

मामीनं डब्यातून तो मणी काढला. म्हणाली, यांच्या तोंडात सोनं घालून झालं, आता हा घरात नको. हे पत्र राज घेऊन येतोय, त्याच्याकडेच मणी दिलाय. तुझ्या साखळीत ओवून घे. भाचीला सोनं द्यायचं ते मामानं जिवंतपणी.

काल बांधावरून टेम्पोवाल्या पुंजारामला हाक मारली. तो बराच पुढे गेला होता, पण वळला.

पत्र वाचून झालं की फोन कर. मी उचलीन.

तुझा मामा
मोतीराम