मेंढरांमागं कोण जाणार

१४ ऑक्टो. ९६, द्रास
न्हाय म्हंजे न्हाय. दादाला किती वेळा सांगायचं? गावाकडनं, निरवांगीवरनं पुन्हा तेच पत्र. तात्यांचं गुडघं गेलं, दिवाळी झाली की मेंढरं घिऊन कोकणात कोण चालणार, तू ये न्हायतर विकतो. सोता का जात न्हाय? तर म्हणं ऊस हाय. जसा काय ऊस पळून चाललाय.
हितं रस्त्याचं काम चालू. सकाळी पहार धरली की हात चिकटतो.

१७ ऑक्टो.
घोंगडं धुतलं. खळीला चिंचोकं कुठनं आणणार, मैद्याची दिली आन् दोरीवर टाकलं. सकाळी पत्र्यागत ताठ. घडी घालाय गेलो तर मधोमध कडकन मोडलं. बापानं, तात्यांनी सूत कातलेलं.
घरमालक गुलामचाचा पोट धरून हसले. "अरे, हितं थंडी पडली की माणूस सोताला बी धूत न्हाय!"

२१ ऑक्टो.
चाचांच्या घरात खाली बकऱ्या, वर माणसं. जनावरांची ऊब फळ्यांतनं वर येती. छतावर वाळला चारा रचलाय. बर्फ पडला की सहा महिने हालायचं न्हाय.
म्हटलं, आमी मेंढरांमागं कोकणापर्यंत चालत जातो. बायकापोरं बी.
"मग घर कशाला बांधता?"


२६ ऑक्टो.
बर्फ सुरू. घाट बंद व्हायच्या आत शेवटचा ट्रक निघणार. आमच्या टोळीतला शिवा, निमगाव केतकीचा, जातोय. मला म्हणतो, "चल की येड्या. हितं काय तुझी सासुरवाडी हाय व्हय?"
मुकादम हिवाळाभर बर्फ काढाय चार माणसं ठेवणार. नाव दिलं. पगार बरा हाय म्हणून, असं शिवाला सांगितलं. खरं म्हंजे माणूस सहा महिने एका जागी कसा ऱ्हातो ते बघायचंय. आमच्यात कुणी ऱ्हायलंच न्हाय.
तात्यांस्नी हे कसं लिव्हायचं...

३० ऑक्टो.
शिवा गेला. निरोप दिलाय, पैसे तात्यांच्याच हातात दे, दादाच्या न्हाय. नात्यातला एखादा गडी बघा म्हणावं, ह्या साली मेंढरांमागं त्यो जाईल.
"आन् मी पोचायच्या आदीच दादानं मेंढरं बाजारात नेली तर?"
तंबाखूची पुडी दिली त्याला.
गड्याच्या पगाराला पाठवले रु. ३२००.