एका डब्यावर सगळं घर

सोम. ३ फेब्रु.
आईनं परत राउटर बंद केला. सकाळची वंदना झाली की घरभर फिरते, जिथं बारका दिवा दिसेल तिथला प्लग उपटते. "दिवा जळायलाय उगं." तिला कसं सांगू, ती विसरायला लागली म्हणून कॅमेरा तिच्यासाठीच लावलाय, आणि तो या राउटरवरच चालतो. मी विद्यानगरला कॉलेजच्या लॅबमध्ये, ती नल्लकुंट्यात घरी एकटी, दहा ते पाच. शेजारच्या लक्ष्मी आंटी दोनदा डोकावतात. बाकी वेळ मी फोनवर बघते. आज दीड तास स्क्रीन काळी. एक रीडिंग धड घेता आलं नाही.
पाच अडॅप्टर, पाच प्लग, सगळे तिच्या हाताशी. काहीतरी करायला हवं.

मंगळ. ४
जुना कॉम्प्युटर उघडला. बाकी सगळं गेलंय, पॉवर सप्लाय ठणठणीत. तो सुरू करायला हिरवी वायर काळीला जोडली, पंखा फिरला. मीटरवर पिवळी वायर १२.१ व्होल्ट, लाल ५.०. म्हणजे राउटर, दाराचा अलार्म, मोरीच्या वाटेवरची एलईडी पट्टी पिवळीवर. कॅमेरा न् आईच्या फोनचा चार्जर लालवर. पाचही या सप्लायच्या एकाच डब्यावर. डबा माळ्यावर ठेवायचा, जाळीची बाजू मोकळी. तिचा हात पुरणार नाही.

गुरु. ६
चालू! दार उघडलं की अलार्म असा कोकलतो की आंटींच्या स्वयंपाकघरात ऐकू जातो. आई दचकली, मग हसली. "शाळेची घंटा हाय का?" जामबागच्या शाळेत आया होती, रिटायर होऊन बारा वर्षं झाली.
दादाचा नांदेडहून फोन. कौतुकानं सांगितलं. तो म्हणाला, "सगळं एकाच डब्यावर? अन् तोच बंद पडला तर?"
म्हटलं, नाही पडत. फोन ठेवला आणि तेव्हापासून हेच डोक्यात. प्रत्येक लायनीला वेगळा फ्यूज पाहिजे. रविवारी.

रवि. ९
आईला ताप. दवाखाना. फ्यूज राहिले.

मंगळ. ११
क्रमानंच लिहिते.
११.२० ला स्क्रीन काळी. आधी आईचा राग आला. मग आठवलं, तिचा हात तिथवर पुरत नाही. आंटींनी फोन उचलला नाही. ऑटो केली. दार सताड उघडं, आत आई नाही. अलार्म मुका. माळ्यावरच्या डब्याचा पंखा बंद.
आंटी बाजारातून येतच होत्या. पिशवी तिथंच टाकून माझ्याबरोबर निघाल्या. "सुबे तो अम्मा चाय पी रे थे मेरे सामने!" गल्ली बघितली, भाजीवाले बघितले, बसस्टॉप. पोलिसात जायला वळलो तेव्हा आंटींनाच सुचलं, "स्कूल कू गए होंगे क्या?"
जामबाग. गेटच्या आत वॉचमनच्या स्टुलावर बसलेली. इस्त्रीची पांढरी साडी, केस विंचरलेले. वॉचमन म्हणाला, "बस से उतर के सीधे आए. बोले, बच्चों का पानी भरना है मेरेकू. मैं बोला पानी भर गया अम्मा, तुम बैठो."
मी समोर जाऊन उभी राहिले. आई अदबीनं उठली. "बाई, शाळा सुटली का?"
बाई म्हणाली मला.

बुध. १२
रजा. डबा खाली काढला. बटण बंद करून चालू केलं, पंखा फिरला, लगेच थांबला. परत तेच. मग एकेक लायन सोडवत गेले. एलईडी पट्टी काढली आणि डबा चालू राहिला. तिची वायर मोरीच्या दाराच्या फटीत चेपून सोलली होती, दोन्ही तारा एकमेकींना चिकटल्या होत्या. शॉर्ट झाला, सप्लायनं स्वतःला बंद करून घेतलं. त्याचं काही चुकलं नाही. वायर दाराच्या फटीतून मी नेली. फ्यूज मी टाकले नाहीत. लॅबमध्ये पोरींना हेच शिकवते.
आणि काल घरी आणून तिच्यावरच ओरडले. "का गेलीस? का छळतेस मला?" ती पदराची घडी घालत बसली होती. उलगडायची, परत घालायची.

शनि. १५
गुरुवारी रात्री बसून केलं: पाच लायनी, पाच फ्यूज. मुद्दाम पट्टीची लायन शॉर्ट करून बघितली, डबाच बंद पडला. लहान फ्यूज घातला. आता फ्यूज उडतो, बाकीचं चालू राहतं. तीनदा बघितलं. दाराच्या अलार्मला वेगळी बॅटरी. वायरी भिंतीवरून नेल्या. तरी काल लॅबमध्ये दर पाच मिनिटांनी फोन बघत होते. स्क्रीनवर आई बसलेली दिसते, आणि मला रिकामी खुर्चीच...
दादाला सगळं सांगितलं. त्यानं आधी आई जेवली का ते विचारलं. मग, "उद्या येतो. आईला नांदेडला नेतो. इथं घरात सारखी माणसं असतात."
त्याचं चूक नाही. पण नांदेडात तिला एक गल्ली ओळखीची नाही. चुकून गेली बाहेर, तर कुठं शोधायचं?

रवि. १६
दादा सकाळी आला. आईनं लगेच ओळखलं त्याला, गालावरून हात फिरवला. जेवणं झाल्यावर तो स्टुलावर चढून डबा बघत राहिला.
"हे तू एकटीनं केलंस?"
"हो."
"चांगलं केलंस. पण—"
तेवढ्यात अलार्म. दोघंही धावलो. आई उंबऱ्यावर, एक पाय बाहेर, चपला हातात. आमच्याकडे बघत म्हणाली, "मी चालले होते का आले होते रे?"
दादानं माझ्याकडे बघितलं. मीच म्हटलं, "आलीस. ये, आत ये."
दार लावलं. दादानं तिच्या हातातल्या चपला घेतल्या, जवळ धरून बसला. आता दोघंही आतल्या खोलीत झोपलेत. तो "पण" तसाच राहिला.
त्याची गाडी उद्या सकाळची आहे. तिकीट एक काढलंय की दोन, मी विचारलं नाही. त्यानं सांगितलं नाही.