विहिरीवरची चिंच

जठारपेठ, अकोला
दि. ९ फेब्रुवारी १९६२

चि. धर्मपाल यास,
पंचफुलाचा जयभीम व आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या चित्रप्रदर्शनाची पत्रिका पोचली. झाडांची तेरा चित्रं, आणि एकही झाडासारखं दिसत नाही म्हणे! सगळ्या शेजारणींना दाखवून आले. मग सातव्या चित्राचं नाव वाचलं, ‘विहिरीवरची चिंच’. पाणी भरलं म्हणून गावात बाबांना ज्या चिंचेला बांधून मारलं, तीच ना ही? त्यांना विचारलंस का? त्यात उद्घाटनाला तुझ्या शाळेचे अध्यक्ष रामराव. त्यांच्याच वडिलांनी बांधायला लावलं होतं. तुझी नोकरी पक्की व्हायला दोन महिने उरलेत. ते एक चित्र लावू नकोस रे. बाबांनी पत्रिका वाचली तेव्हापासून ती हातातून सोडत नाहीत.

उलट टपाली कळव, जीव थाऱ्यावर नाही.
तुझी ताई


अमरावती
दि. १२ फेब्रुवारी १९६२

ती. ताईस सा. जयभीम.

चित्रात ना विहीर आहे, ना दोर, ना माणूस. काळ्यावर लाल रंगाचे फटकारे, बस. रामरावांना काही कळायचं नाही. मी सात वर्षांचा होतो, गर्दीत उभा होतो, रडलोसुद्धा नाही. ते इतक्या वर्षांनी हातून उतरलं आहे. मी ते लावणारच. बाबांना मात्र येऊ देऊ नकोस. त्यांच्या तोंडाकडे बघायचं धाडस मला नाही.

रागाव हवं तर, पण माया आटू देऊ नकोस.
तुझा धर्मपाल


अमरावती
दि. १८ फेब्रुवारी १९६२

ती. ताईस सा. जयभीम.

तुझा डोळा चुकवून निघालेले बाबा इथे सुखरूप आहेत, घोर करू नकोस.

काल उद्घाटनाला रामराव नेमके त्याच चित्रापुढे थांबले. रंग झकास आहेत, पण यात झाड कुठे आहे, असं मला विचारू लागले. तेवढ्यात मागून बाबा पुढे आले आणि साऱ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाले, की रामराव, हे आपल्या गावची चिंच व्हय, तुमच्या बापानं मले हिलेच बांधलं होतं. रामराव हातातला हार टेबलावर ठेवून निघून गेले. उद्या सकाळी शाळेच्या ऑफिसात हजर राहण्याची चिठ्ठी मला आली आहे.

बाबांचं मन हलकं झालं असेल असं मला वाटलं. पण ते चित्रापुढून हलेनात. मग म्हणाले, की अर्धंच काढलं तुनं. मंग तुले ताप आला, पुढचं तू पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी मी अन् तुई माय पुन्हा गेलो त्याच विहिरीवर. लोक पाहत राहिले, आमी दोन घागरी भरून घरी आणल्या. थे काढ.

ताई, तुला हे माहीत होतं का?

ते चित्र झाल्याशिवाय अकोल्याला यायचं नाही म्हणतात. त्यांचं दुसरं धोतर आणि खोकल्याचं औषध पाठवून दे. उद्यासाठी तुझा आशीर्वाद हवा.

तुझा धर्मपाल