ताणलेली टेप

३ जून
आज परत लघवी लाल. दुखत नाही, खुपत नाही, म्हणजे आजार नाहीच. उष्णता. उद्यापासून भरपूर पाणी. फोटोतल्या ह्यांना बजावलं, दात काढू नका, इतक्यात येत नाही मी.

४ जून
पाणी राहिलंच. शिलाई मशीनवरून उठवत नाही.

१० जून, दुपार
लेकीने ओढत सोनोग्राफीला नेलं. डाव्या किडनीत गाठ. डॉक्टर म्हणाला, आजी, कॅन्सर वाटतोय. सीटी करू, किडनी काढावी लागेल, एकीवरही माणूस मजेत जगतं. मी म्हटलं, न दुखणारी गाठ आणि न बोलणारा नवरा, दोन्ही बरे. डॉक्टर हसला. लेक नाही हसली.

११ जून
ठरलं. आधी शाळेचे युनिफॉर्म, मग सीटी. गाठ कुठे पळून जातेय!

२ जुलै
युनिफॉर्म गेले. स्वतःला ड्रेस शिवायला घेतला, तर छाती दोन इंच कमी भरली. परत मोजली. तेवढीच. टेप ताणली गेलीय, दुसरं काय! या लांबलेल्या टेपेने कापड जास्त कापलं जाईल, म्हणून आता गिऱ्हाइकांच्या जुन्या मापांतून दोन इंच कमी करूनच कापायचं. मी म्हणून लक्षात आलं.
लेक सीटीचं विचारत होती. म्हटलं, हातातलं काम संपू दे.

१९ जुलै
भोपळाबाईचा ड्रेस घट्ट झाला. म्हटलं, जरा कमी खा गं. फणकारून गेली.

२२ जुलै, सकाळी
शेजारच्या काडीचाही घट्ट. तिला कमी खा कसं म्हणू?
दोघी एकदम कशा फुगतील?
टेप नव्या टेपेला लावून पाहिली. रेघेला रेघ.
दोघींचे ड्रेस उसवून सैल करून दिले. आत कापड सोडलेलं असतं, म्हणून जमतं. मग लेकीला फोन केला. म्हटलं, सीटीची तारीख घे.

१ ऑगस्ट
सीटीत फुप्फुसातही ठिपके दिसले. डॉक्टर म्हणाला, आता नुसती किडनी काढून भागणार नाही. गोळ्या, सलाइन. बरं होईल असं म्हणाला नाही, आवरून धरू म्हणाला. जूनमध्येही होते का, विचारलं. सांगता येत नाही म्हणाला.
मी म्हटलं, डॉक्टरसाहेब, बघा की, माझ्यातही आत काही सोडलेलं असेल.
या वेळी तोही हसला नाही.
उठताना लेकीने पाठीला हात लावला. ड्रेस मूठभर तिच्या हातात आला.