माझं रुखवत, दुसऱ्यांच्या लग्नात

आई, तुला जाऊन पंचवीस वर्षं होऊन गेली आणि मी आज तुझ्याशी भांडायला बसलेले नाही, हे आधीच सांगते. नाहीतर तू लगेच म्हणशील, "इला मगे, आता आयका." भांडून झालंय माझं. इतकी वर्षं मनातल्या मनात तेच तर करत आले, भाजी निवडताना, लोकांच्या साड्यांना फॉल लावताना, घाटकोपरच्या याच दोन खोल्यांत, याच खिडकीशी. आज एक गोष्ट सांगायची आहे. ती सरळ तोंडातून निघत नाही, म्हणून जरा लांबून येते. हे पत्र कुठे टाकायचं नाही, एवढं मला कळतं, वेड नाही लागलंय अजून.

तुला आठवतं का, आपल्याकडे रंगीत टीव्ही आला तो दिवस? वायरमन अजून गच्चीत अँटेना फिरवतोय, बाबा खिडकीतून ओरडतायत, "आलं, आलं, गेलं!" आणि तू पडद्याकडे बघतसुद्धा नाहीयेस. तू टेप घेऊन त्याची रुंदी मोजतेयस. संध्याकाळपर्यंत कव्हर तयार. आपल्या घरात उघडं काही राहायचंच नाही. रेडिओला कव्हर, मिक्सरला कव्हर, पाण्याच्या पिंपाला झालर, टीव्हीला तर दोन, एक रोजचं आणि एक सणाचं. खुर्च्यांच्या पाठींवर लोकरीच्या जाळ्या, दारावर मण्यांचं तोरण. बाबा म्हणायचे, "मी एका जागी जास्त वेळ बसलो तर ही मलापण शिवून टाकेल." आपण सगळे हसायचो. मीही हसायचे, पण माझं माप तू कधीच घेऊन ठेवलं होतंस. बारावीचा निकाल लागला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तू मला मशीनवर बसवलंस.

कारण रुखवत. लग्नात मुलीकडच्यांनी टेबल मांडायचं, त्यावर मुलीच्या हातच्या वस्तू, आणि मुलाकडच्या बायकांनी चष्मे सावरत त्या बघायच्या. तुझ्या लग्नात त्या टेबलावर पाच लाडू आणि एक नारळ होता, बास. आजीला विणायला शिकवायला वेळ कुठला, शेतात राबायची. तुझ्या सासरच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या होत्या. हे तू मला इतक्यांदा सांगितलंयस की त्या बायकांचे चेहरेसुद्धा मला ठाऊक झालेत. तेव्हा तू ठरवलंस की आपल्या मुलीचं टेबल असं भरायचं की बघणाऱ्यांची बोलती बंद झाली पाहिजे. मुलगा बघायच्या आधी रुखवत सुरू करणारी अख्ख्या चाळीत तू एकटीच. मॅटीच्या जाड कापडावर फुलीच्या टाक्यांचे मोर, ताटावर घालायचे जाळीचे रुमाल, उशांचे अभ्रे, मण्यांचे पोपट, कापडाची नवरा-नवरी, त्यांची वरात, वरातीतला बँडवालासुद्धा. चार वर्षांत दोन ट्रंका भरल्या. आणि प्रत्येक कपडा पुरा झाला की तुझा हात पुढे, "उलटी बाजू दाखय." सुलट बाजू तू बघायचीसच नाहीस. पाठीमागे एक दोरा जरी वाकडा पळालेला दिसला तरी, "ह्या काय गो? कोंबडी नाचली काय हेच्यार?" आणि कात्रीचं टोक घालून सगळं उसवून परत माझ्या मांडीवर. मी रडायचे. पण हात असा बसला की शेवटी शेवटी तुलाही सुलट कुठली आणि उलट कुठली ते पटकन कळायचं नाही. त्याचा मला गर्व होता. खूप होता. ते लक्षात ठेव, पुढे लागेल.

मुलं बघायला यायची, पोहे खायची, "कळवतो" म्हणून जायची. कुणाला उंची कमी वाटली, कुणाला रंग. ट्रंका पलंगाखाली तशाच. मग एकदा पलीकडच्या काकू आल्या, मुलीचं लग्न आठवड्यावर, रुखवताचं काहीच नाही, तेवढं दोन दिवसांपुरतं द्याल का? तू दिलंस. तिथून सुरुवात झाली. माझं रुखवत मुलुंडला गेलं, बोरिवलीला गेलं, अंधेरीला तर तीनदा जाऊन आलं. प्रत्येक वेळी तू टाचणीनं नवी चिठ्ठी लावायचीस, अमुक हिनं स्वतः केलेलं. परत आलं की मी धुऊन, इस्त्री करून, डांबरगोळ्या घालून भरून ठेवायचे. बाहेर जायचं, माणसांत मिरवायचं, हे सगळं त्या मोरांना आणि पोपटांना. मी मशीनवर. मी म्हणायचे, "आई, मला टायपिंगला जाऊ दे ना." तू म्हणायचीस, "मगे ह्या कोण करतला?" बाबा पेपर वर धरायचे. माझ्या वयाच्या मुली खाली मैदानाच्या कडेने कॉलेजला जाताना दिसायच्या, आणि मी खिडकीत, मांडीवर कुणाच्यातरी लग्नाचा मोर. कधी कधी वाटायचं, सगळी रिळं उचलावीत आणि द्यावीत खाली फेकून. फेकली मात्र एकदाही नाहीत.

आता ते लग्न. आपल्या खालच्या मजल्यावरची, माझ्याच वयाची, जिला साधं बटण लावता यायचं नाही, तिचं. मुलुंडचा हॉल. टेबल आपण दोघींनी मांडलं, दोन्ही ट्रंका रिकाम्या करून, आणि मागे उभ्या राहिलो. नवऱ्या मुलाची मावशी आली. जाडजूड, खणखणीत आवाजाची बाई. साकीनाक्याला तिचा गाळा होता, उशांचे अभ्रे आणि टेबलक्लॉथ शिवून बाहेरदेशी पाठवायचे. बाकीच्या बायका "अय्या, किती छान" करत होत्या. हिनं काय केलं? माझा मोराचा अभ्रा उचलला आणि सरळ उलटा केला. तुझ्याशिवाय दुसरं कुणी माझ्या कामाची पाठ बघितली नव्हती. तिनं अंगठा फिरवला, परत फिरवला, आणि नवरीला म्हणाली, "गाठ कुठे लपवलीस गं? मला सापडत नाहीये." नवरी मुंडावळ्यांआडून माझ्याकडे बघायला लागली. मला उत्तर माहीत होतं, आई. गाठ मारायचीच नाही, दोऱ्याचं टोक पहिल्या चार टाक्यांखालून ओढून घ्यायचं. जिभेवर आलं होतं. तेवढ्यात तू माझं मनगट धरलंस, असं घट्ट की बांगडी रुतली, आणि आपली ती पाहुण्यांपुढची शुद्ध भाषा काढलीस, "सगळं तिनंच केलंय हो. हुशार आहे मुलगी." मावशी म्हणाली, "मग लग्न झालं की ये माझ्याकडे कामाला. असला हात मी सोडणार नाही." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी ताटं आवरायला मागे निघून गेले.

घरी येऊन मी ट्रंक लाथेनं पलंगाखाली ढकलली. आठवतंय ना? म्हटलं, "ते काम माझं होतं! एक शब्द बोलली असतीस तर काय बिघडलं असतं तुझं?" तू पदराला तोंड पुसत बसलीस. म्हणालीस, "तिच्या संसाराचो पयलो दिस, आणि मी तिका खोटी पाडू?" तुझंही बरोबरच होतं, आज कळतं, टेबलाशी हसणाऱ्या बायका तू बघितलेल्या होत्यास. मी विचारलं, "आणि मी?" तू म्हणालीस, "तुजा पण होतला." झालं नाही काही. ना लग्न, ना नोकरी. त्या दिवसापासून मी जो भेटेल त्याला सांगत आले की आईनं माझं मनगट धरलं, आईनं माझं तोंड बंद केलं, नाहीतर मी आज कुठच्या कुठे असते. मावशांना सांगितलं, शेजारणींना सांगितलं, फॉल लावून घ्यायला आलेल्या नव्या सुनांना सांगितलं. तुझ्यादेखत सांगितलं. तू ऐकून घ्यायचीस आणि आत जाऊन गॅस बारीक करायचीस.

तर ते सांगायचं ते आता.

त्याच वर्षी श्रावणात ती खालची माहेरी आली होती. तू बोरिवलीला गेली होतीस, उन्हाळ्यात कुणाच्यातरी लग्नाला दिलेल्या ट्रंका परत आणायला. ती धापा टाकत वर आली आणि हसतच सुटली. म्हणाली, "मी सांगून टाकलं गं सगळं! वाट लागली असती माझी, मावशींनी हातात सुईच दिली ना." मी घाबरून विचारलं, "मग?" म्हणाली, "मग काय, रागावल्या नाहीत, खो खो हसल्या. म्हणाल्या, जिनं केलंय तिला पाठव." म्हणजे बघ, आई. खरं सांगून कुणाचा संसार मोडला नाही. कुणी तोंडाला पदरसुद्धा लावला नाही. तुझ्या त्या बोलण्यानं माझं काहीएक गेलं नव्हतं. दोन-तीन महिने उशीर झाला, एवढंच.

आणि मी गेले होते गं. तुला दोरे आणायला जाते म्हणून सांगितलं आणि बसनं साकीनाक्याला गेले. अरुंद जिना, वर लांबलचक गाळा, दोन रांगांत मशिनी आणि वीस-पंचवीस बायका. मावशीनं मला एका मशीनवर बसवलं. "ही घे, सरळ शिवण मार." ती मोटारीची मशीन होती. आपली पायमशीन कशी, गोंजारावं तशी चालते. मी सवयीनं पाय दाबला मात्र, ती अशी सुसाट सुटली की कपडा गोळा झाला, शिवण भलतीकडे गेली आणि सुई कडकन तुटली. बायका हसल्या. एक जण ओरडली, "अगं ए, कपडा शिवायचाय, शर्यत नाही लावायची!" वाईट नव्हत्या त्या. मावशी म्हणाली, "मोटारीवर पहिल्यांदा सगळ्यांचंच असं होतं. आठ दिवसांत पाय बसेल. सोमवारपासून ये, साडेनऊला." मी हो म्हणून जिना उतरले. पण कानांत तेच हसणं. आपल्या चाळीत माझ्यासारखा हात कुणाचा नव्हता, आणि तिथे मला कोंबडी नाचल्यासारखी शिवण आली होती, आणि ती पंचवीस जणींनी बघितली होती.

सोमवारी मी वेणी घातली, चांगली साडी नेसले, बसस्टॉपवर जाऊन उभी राहिले. बस आली, गेली. दुसरी आली, तीही जाऊ दिली. मग दुकानातून दोन हिरवी रिळं घेतली आणि घरी आले. तू विचारलंस, "येवढ्या लवकर इलंस?" मी म्हटलं, "दोरेच तर आणायचे होते." आणि मशीनवर बसले. कुणी बसवलं नव्हतं मला त्या दिवशी. ती खालची पुन्हा माहेरी आली तेव्हा मी तिला सांगितलं की आईनं नाही पाठवलं. तिनं हळहळ केली. ती हळहळ मला आवडली, आई, आणि मग मी तेच धरून बसले. कुणी विचारलं की हेच सांगायचं, म्हणजे स्वतःला काही विचारावं लागत नाही.

आणि मग तुझे ते शेवटचे दिवस. तुला उठवत नव्हतं, बोलताना दम लागायचा. मी तुला पेज भरवत होते, दुपारची वेळ होती. तू माझं मनगट धरलंस, त्याच हातानं, पण आता त्यात जोर नव्हता. म्हणालीस, "त्या लग्नात मी बोलूक व्हया होता. तुज्या जल्माची माती केलंय मी. माजा चुकला गो." तेव्हा सांगायला हवं होतं. चार वाक्यं होती सगळी. साकीनाका, मोटार, हसणं, सोमवार. तू हलकी होऊन गेली असतीस, कदाचित मला एक शिवीही हासडली असतीस, आणि किती बरं झालं असतं. मी चमचा वाटीत ठेवला, तुझे केस मागे सारले, आणि मोठ्या मनानं म्हटलं, "जाऊ दे आई, मी कधीच माफ केलंय तुला." तू रडलीस. आणि मला, खरं सांगते, फार बरं वाटलं.