नंबर कितवा

पुंगोल, सिंगापूर
६ फेब्रुवारी २०२५

ती. अक्कास सविताचा नमस्कार.

तुझी कंबर आता कशी आहे? भाऊजींना ऑपरेशन झालेल्या डोळ्यानं पेपर वाचता येतो का? अनघाला डिंकाचे लाडू पचतात ना, आणि तिचं बाळ नीट पितंय ना? आम्ही सगळे बरे. माझी साखर तेवढी अधूनमधून उड्या मारते.

आता बातमी. आपल्या गार्गीला ज्युनियर कॉलेजात प्रवेश मिळाला, तोही तिनं अर्जात सगळ्यात वर लिहिलेल्या कॉलेजात. काल निरोप आल्यापासून माझे पाय जमिनीवर नाहीत.

जानेवारीत तिच्या इथल्या दहावीचा निकाल लागला तेव्हा पोरगी दारातूनच ओरडली, "आजी, नाईन!" मला वाटलं, नऊच मार्क. म्हटलं, "असू दे गं बाई, पुन्हा बसशील परीक्षेला." ती नि तिचा बाप हसून लोळले. इथं म्हणे सहा विषयांच्या श्रेणींची बेरीज धरतात, आकडा जितका लहान तितकं पोर हुशार. उलटी गंगा सगळी. आणि प्रवेश त्या आकड्यावरच. वर्गात कितवी होतीस, कुणी पुसत नाही.

तू मात्र दर वर्षी पुसायचीस. इथल्या प्रगतिपुस्तकावर नंबर छापतच नाहीत, अक्का. मग मीच छापला. "पहिली" म्हणून कळवत राहिले.

खरं असं, की पुण्याची शाळा सोडून आली तेव्हा तिला एक वर्ष मागं बसवलं. पहिल्या सहामाहीत गणितात नापास झाली. पुण्यात सात वर्षं पहिली येणारी पोर, जेवता जेवता ताटावरून उठून जायची. मला ते तुला लिहवेना. लाज तिची नव्हती, माझी होती.

परवा तू कळवलंस, मंडळाच्या सत्काराला 'परदेशातही सतत पहिली' असं तिचं नाव दिलंयस. मी कौतुकानं तिला वाचून दाखवलं. ती हसली नाही. म्हणाली, "आजी, डोन्ट एनीहाऊ से ला, उगाच काहीबाही सांगू नकोस. मी तळातून वर आले, ते सांग ना. त्यात लपवायचं काय?"

म्हणून आज हे लिहायला बसले.

तेव्हा यादीतून ते नाव काढ. कुणी विचारलं तर सगळं माझ्या माथी मार. जूनच्या सुट्टीत तिला तुझ्याकडे यायचंय, पण तुला खरं कळल्याशिवाय ती आम्हाला तिकीट काढू देत नाही. रागावलीस तर माझ्यावर रागाव, पण चार ओळी लवकर धाड, आणि त्या तिच्या नावानं लिही.

तुझी चुकलेली, आज हलकी झालेली,
सविता